लिझे माइटनर : हरवलेल्या ऊर्जेचा माग

थोरांची चरित्रे सांगताना त्यांच्या विजयांची गणती करण्याची रीत आहे. कोणते शोध लावले, किती पदके मिळाली, कोणकोणत्या देशांनी गौरविले, ही यादी पुरी झाली की चरित्र पुरे झाले असे मानले जाते. लिझे माइटनर यांच्याविषयीही अशी यादी करता येईल आणि ती तोकडी ठरणार नाही. परंतु या स्मरणिकेच्या वाचकांपुढे आम्ही त्यांचे चरित्र ठेवीत आहोत ते वेगळ्या कारणासाठी. सुमारे वीस वर्षे त्यांनी एका मताची पाठराखण केली. ते मत खोडून काढणारा प्रयोग दुसऱ्या देशातील प्रतिस्पर्ध्यांनी केला, तेव्हा माइटनर यांनी तोच प्रयोग अधिक काटेकोरपणे स्वतः करून पाहिला आणि प्रतिस्पर्ध्यांचेच म्हणणे खरे असल्याचे आपल्या नावाने प्रसिद्ध केले. न्यूट्रिनो नावाच्या अतिसूक्ष्म कणाच्या शोधाची वाट या कसोटीतून पुढे गेली. आम्ही इतिहासाचे अभ्यासक. पदार्थविज्ञान हे आमचे क्षेत्र नव्हे. पण पुराव्यापुढे मताने नमते घ्यावे, हा नियम दोन्ही विद्याशाखांना सारखाच लागू आहे, आणि तो इतक्या स्वच्छपणे पाळला गेल्याची उदाहरणे इतिहासात विपुल नाहीत.

लिझे माइटनर यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८७८ रोजी ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथे एका ज्यू कुटुंबात झाला. आठ भावंडांत त्यांचा क्रमांक तिसरा. वडील फिलिप माइटनर हे ऑस्ट्रियात वकिली करू लागलेल्या पहिल्या काही ज्यू व्यक्तींपैकी एक होते. घरात पुस्तके होती, संगीत होते, आणि मुलींनीही शिकावे असे वडिलांना मनापासून वाटे. घराबाहेरची व्यवस्था मात्र निराळी होती. मुलींचे सार्वजनिक शिक्षण त्या काळी चौदाव्या वर्षी संपे. विद्यापीठात नेणारी माध्यमिक शाळा केवळ मुलांसाठी होती, आणि विद्यापीठांची दारे तर १८९७ पर्यंत स्त्रियांना बंदच होती. गणित आणि निसर्गविज्ञानाची ओढ असलेल्या या मुलीने पोटापाण्याचा विचार करून फ्रेंच भाषेच्या शिक्षिकेची पात्रता मिळविली. पुढे नियम बदलला, तेव्हा हातातून निसटलेली वर्षे भरून काढण्याचे त्यांनी ठरविले. मुले जो अभ्यास आठ वर्षांत करीत, तो खाजगी शिकवणीच्या आधारे सुमारे दोन वर्षांत उरकून १९०१ साली त्या प्रवेश परीक्षेला बसल्या. त्या वेळी परीक्षेस बसलेल्या चौदा मुलींपैकी चार उत्तीर्ण झाल्या. त्यांत लिझे होत्या. विद्यापीठाची पायरी त्या चढल्या तेव्हा त्यांना तेविसावे वर्ष सरत आले होते.

व्हिएन्ना विद्यापीठात त्यांना लुडविग बोल्ट्झमन यांच्यासारखे गुरू लाभले. अणूंचे अस्तित्वच अनेक विद्वान नाकारीत होते, त्या काळात बोल्ट्झमन अणूंच्या बाजूने निकराने उभे होते. सत्याचा शोध हीच पदार्थविज्ञानाची खरी प्रेरणा होय, हा संस्कार माइटनर यांच्या मनावर येथेच झाला. १९०६ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. व्हिएन्ना विद्यापीठात पदार्थविज्ञानात ही पदवी मिळविणाऱ्या त्या दुसऱ्या स्त्री. पुढच्याच वर्षी, वडिलांकडून मिळणाऱ्या तुटपुंज्या रकमेच्या भरवशावर, माक्स प्लांक यांची व्याख्याने ऐकण्यासाठी त्या बर्लिनला गेल्या. थोडा काळ राहण्याच्या बेताने गेलेल्या माइटनर यांचा मुक्काम बर्लिनमध्ये एकतीस वर्षे पडला.

बर्लिनमध्ये त्यांची गाठ ओटो हान या समवयस्क रसायनशास्त्रज्ञाशी पडली. हान किरणोत्सर्गी द्रव्ये वेगळी करण्यात निष्णात होते. त्या द्रव्यांतून निघणाऱ्या किरणांचे मापन आणि अर्थ लावणे हे माइटनर यांचे बलस्थान. दोघांनी एकत्र काम करावे असे ठरले. पण हान ज्या रसायनसंस्थेत काम करीत, तिचे प्रमुख एमिल फिशर यांनी प्रयोगशाळांत स्त्रियांना मज्जाव केला होता. अखेर तडजोड निघाली. तळघरातील सुतारकामाच्या खोलीत माइटनर यांनी काम करावे. त्या खोलीला बाहेरून स्वतंत्र दार होते. वरच्या मजल्यांवर, जेथे विद्यार्थी काम करीत, तेथे मात्र त्यांनी पाऊल ठेवू नये. इमारतीत स्त्रियांसाठी स्वच्छतागृहही नव्हते. त्यासाठी रस्त्यावरच्या जवळच्या उपाहारगृहात जावे लागे. १९०८ साली प्रशियाने विद्यापीठे स्त्रियांना खुली केली, आणि त्यानंतर ही बंदी उठली. वेतन मात्र त्यांना १९१२ पर्यंत मिळाले नाही. त्या वर्षी प्लांक यांनी त्यांना आपल्या साहाय्यक म्हणून नेमले, तेव्हा त्यांच्या हाती आयुष्यातील पहिली वैज्ञानिक नेमणूक आली. डॉक्टरेट होऊन तेव्हा सहा वर्षे लोटली होती.

याच सुतारखोलीत त्या प्रश्नाची सुरुवात झाली, ज्याने पुढे सारे पदार्थविज्ञान हादरविले. प्रश्न असा होता. काही किरणोत्सर्गी अणूंच्या केंद्रकातून अल्फा कण बाहेर पडतात. एका विशिष्ट द्रव्यातून निघणाऱ्या अल्फा कणांची ऊर्जा ठरावीक असते. त्याचे कारणही सरळ आहे. आधीच्या केंद्रकाजवळ एक ठरावीक ऊर्जा आहे, नंतरच्या केंद्रकाजवळ त्याहून कमी, पण तीही ठरावीक. तेव्हा मधला फरक घेऊन बाहेर पडणारा कण दर वेळी तेवढीच ऊर्जा नेणार. दुकानदाराने शंभर रुपयांतून साठ ठेवून घेतले, तर परत येणारी रक्कम दर वेळी चाळीसच असली पाहिजे, इतका हा हिशेब साधा आहे. दुसऱ्या काही अणूंतून बीटा किरण, म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉन, बाहेर पडतात. त्यांचाही हिशेब असाच असला पाहिजे, असे माइटनर आणि हान यांनी गृहीत धरले. त्या वेळच्या ज्ञानाप्रमाणे ते गृहीतक वावगे नव्हते.

तपासण्यासाठी त्यांनी ओटो फोन बायर यांच्या साह्याने हे इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रातून वळवून छायाचित्रणाच्या काचेवर पाडले. ऊर्जा एकच असेल तर काचेवर एक रेघ उमटावी. काही द्रव्यांनी रेघा दाखविल्या, पण एकीच्या जागी अनेक. रेडियम-ई या नावाने तेव्हा ओळखल्या जाणाऱ्या, बिस्मथच्या एका किरणोत्सर्गी प्रकाराने तर रेघेऐवजी रुंद पुसट पट्टा दाखविला. १९१४ साली जेम्स चॅडविक हे तरुण इंग्रज शास्त्रज्ञ बर्लिनमध्येच हान्स गायगर यांच्या प्रयोगशाळेत काम करीत होते. त्यांनी काचेऐवजी कण मोजणारे यंत्र वापरले, आणि बीटा इलेक्ट्रॉनांमध्ये शून्यापासून एका कमाल मर्यादेपर्यंत सर्व ऊर्जांचे इलेक्ट्रॉन अखंडपणे असतात, असे त्यांना आढळले. साठ ठेवून घेतल्यावर कधी चाळीस, कधी पंचवीस, कधी तीनच रुपये परत यावेत, तसा हा प्रकार होता.

इतक्यात पहिले महायुद्ध पेटले. शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून चॅडविक यांना बर्लिनजवळच्या रूलेबेन येथील छावणीत डांबण्यात आले. त्याच छावणीत चार्ल्स एलिस नावाचा एक तरुण इंग्रज सैनिकी छात्र अडकला होता. चॅडविक यांच्या सहवासात त्याला पदार्थविज्ञानाची गोडी लागली आणि युद्धानंतर सैन्य सोडून तो केंब्रिजला गेला. माइटनर या काळात ऑस्ट्रियन सैन्याच्या रुग्णालयांत क्ष-किरण परिचारिका म्हणून जखमी सैनिकांची सेवा करीत होत्या. परतल्यावर, हान बहुतांश काळ आघाडीवर असताना, त्यांनी प्रोटॅक्टिनियम या मूलद्रव्याच्या शोधाचे बरेचसे काम एकहाती तडीस नेले. १९१८ साली प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधावर दोघांची नावे आली.

१९२२ साली त्यांना विद्यापीठात व्याख्यान देण्याचा अधिकार मिळाला. किरणोत्सर्ग आणि वैश्विक घडामोडी हा त्यांच्या पहिल्या जाहीर व्याख्यानाचा विषय. स्त्री वैश्विक घडामोडींवर बोलेल ही कल्पनाच एका वृत्तपत्राच्या पचनी पडली नसावी. त्याने विषय सौंदर्यप्रसाधनांचा असल्याचे छापले. १९२६ साली त्या प्राध्यापक झाल्या. जर्मनीत पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकपदी पोहोचलेल्या त्या पहिल्या स्त्री.

याच दशकात केंब्रिजचे एलिस आणि बर्लिनच्या माइटनर यांच्यात बीटा किरणांवरून शोधनिबंधांतून वाद रंगला. काचेवरच्या रेघांचा उलगडा हळूहळू झाला होता. त्या रेघा केंद्रकातील गॅमा किरणांनी अणूतून हाकलून दिलेल्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनांच्या होत्या. प्रश्न राहिला तो अखंड पट्ट्याचा. माइटनर यांचे म्हणणे असे की, केंद्रकातून इलेक्ट्रॉन सारख्याच ऊर्जेने निघतात. परंतु बाहेर येताना वाटेत कमीअधिक ऊर्जा गमावतात, म्हणून आपल्याला ते निरनिराळ्या ऊर्जांचे दिसतात. एलिस यांचे म्हणणे असे की, ते केंद्रकातून निघतानाच निरनिराळ्या ऊर्जांचे असतात. माइटनर यांच्या बाजूला एक मोठा आधार होता. ऊर्जा निर्माण होत नाही आणि नष्टही होत नाही, या नियमाला त्यांच्या मताने धक्का लागत नव्हता. एलिस यांचे मत खरे मानले, तर केंद्रकाच्या हिशेबातील गहाळ झालेली ऊर्जा कोठे जाते, याचे उत्तर कोणापाशीच नव्हते.

वादाचा निकाल लावणारी कसोटी एलिस आणि त्यांचे सहकारी विल्यम वूस्टर यांनी योजिली. ती समजण्यास सोपी आणि करण्यास अतिशय कठीण होती. रेडियम-ई एका लहानशा उष्णतामापीत असे बंद करावे की त्याचे सारे इलेक्ट्रॉन आतच अडतील आणि त्यांची ऊर्जा उष्णतेत बदलेल. मग ती उष्णता मोजावी आणि प्रत्येक ऱ्हासामागे ती किती येते ते काढावे. इलेक्ट्रॉन वाटेत ऊर्जा गमावीत असतील, तर ती गमावलेली ऊर्जाही उष्णतामापीतच राहील, आणि दर ऱ्हासामागे कमाल ऊर्जा, म्हणजे सुमारे १० लाख ५० हजार इलेक्ट्रॉन व्होल्ट, मिळेल. ते मुळातच कमीअधिक ऊर्जेने निघत असतील, तर पट्ट्याची सरासरी, म्हणजे सुमारे ३ लाख ९० हजार, मिळेल. तापमानातील वाढ एका अंशाच्या सहस्रांशाच्या घरातील होती. १९२७ साली उत्तर आले : ३ लाख ५० हजार, कमीअधिक ४० हजार. कौल एलिस यांच्या बाजूने होता.

वीस वर्षांचे मत असे एका आकड्याने कोलमडल्यावर माणसे काय करतात, हे इतिहासात आम्ही पुष्कळ वाचले आहे. कोणी आकड्याकडे दुर्लक्ष करतात, कोणी उपकरणात खोट काढतात, कोणी प्रतिस्पर्ध्याच्या हेतूवर बोट ठेवतात. माइटनर यांना तो निष्कर्ष सहज पटणारा नव्हता. संशय घेण्यास जागाही होती, कारण उष्णता अत्यल्प होती. पण संशय बोलून दाखवून त्या थांबल्या नाहीत. त्यांनी त्याची कसोटी घेतली. विल्हेल्म ऑर्थमान या सहकाऱ्यासह त्यांनी अधिक सूक्ष्म असा उष्णतामापी तयार केला आणि प्रयोग पुन्हा केला. १९३० साली प्रसिद्ध झालेले त्यांचे उत्तर होते ३ लाख ३७ हजार, आणि त्यातील अनिश्चितता केवळ सहा टक्के. म्हणजे एलिस यांचा आकडा बरोबर होता, आणि माइटनर यांनी तो अधिक पक्का करून दिला. आणखी एक शक्यता त्यांनी तपासली. गहाळ ऊर्जा गॅमा किरणांच्या रूपाने उष्णतामापीच्या भिंती भेदून निसटत असेल काय? त्यांनी तसे किरण शोधले. ते सापडले नाहीत. आपल्या मताची उरलेली एकुलती एक पळवाटही त्यांनी अशी स्वतःच्या हाताने बंद केली.

आता प्रश्न टाळण्यास कोणालाच जागा राहिली नाही. नील्स बोर यांच्यासारख्या श्रेष्ठ शास्त्रज्ञाने तर केंद्रकाच्या आत ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियमच कदाचित पाळला जात नसावा, असा विचार मांडला. वोल्फगांग पाउली यांना तो मानवला नाही. ४ डिसेंबर १९३० रोजी झुरिचहून त्यांनी ट्यूबिंगन येथे भरलेल्या किरणोत्सर्गाच्या अभ्यासकांच्या बैठकीस एक पत्र पाठविले. पत्र उपस्थित सर्वांना उद्देशून असले तरी त्यांच्या नजरेसमोर मुख्यतः दोन व्यक्ती होत्या : गायगर आणि माइटनर. इलेक्ट्रॉनाबरोबर केंद्रकातून आणखी एक कण बाहेर पडत असावा, त्यावर विद्युत्भार नसावा, त्याचे वस्तुमान अत्यल्प असावे, आणि दोघांच्या ऊर्जेची बेरीज दर वेळी ठरावीकच भरत असावी, अशी त्यांची सूचना होती. असा कण प्रयोगाने पकडता येईल काय, असा प्रश्न त्यांनी प्रयोग करणाऱ्यांना विचारला. गायगर यांनी इतरांशी आणि विशेषतः माइटनर यांच्याशी चर्चा करून, प्रयोगाच्या दृष्टीने असा कण अशक्य नाही, असे धीर देणारे उत्तर पाठविले. पुढे एनरिको फर्मी यांनी या कणाला न्यूट्रिनो हे नाव रूढ केले आणि १९३४ साली बीटा ऱ्हासाचा संपूर्ण सिद्धांत त्याच्या आधारे रचला. पण त्याच वर्षी हान्स बेथे आणि रुडॉल्फ पायर्ल्स यांनी गणिताने दाखविले की, हा कण द्रव्याशी जवळजवळ कसलाच व्यवहार करीत नाही. सबंध पृथ्वी तो सहज पार करून जाईल. हिशेब जुळला, पण हिशेब जुळविणारा कण कोणी पाहिला नव्हता.

तो पाहण्याच्या प्रयत्नांतील एक महत्त्वाचा धागा पुन्हा माइटनर यांच्या प्रयोगशाळेपर्यंत जातो. वांग गानचांग हे तरुण चिनी विद्यार्थी १९३० साली बर्लिनला आले आणि माइटनर यांच्या मार्गदर्शनाखाली बीटा वर्णपटावर संशोधन करून त्यांनी डॉक्टरेट मिळविली. १९३४ साली ते मायदेशी परतले. जपानी आक्रमणामुळे त्यांचे चच्यांग विद्यापीठ देशाच्या अंतर्भागात हलवावे लागले. उपकरणे नव्हती, पण विचार करण्यास उपकरणे लागत नाहीत. त्यांनी सुचविले की, बेरिलियम-७ हा अणू घ्यावा. तो इलेक्ट्रॉन बाहेर टाकीत नाही. उलट स्वतःभोवतीचाच एक इलेक्ट्रॉन गिळून लिथियम बनतो. त्यातून न्यूट्रिनोच तेवढा बाहेर पडत असेल, तर बंदूक झाडल्यावर जसा खांद्याला धक्का बसतो, तसा लिथियमच्या अणूला उलट दिशेने एक ठरावीक धक्का बसला पाहिजे. तो सुमारे ५७ इलेक्ट्रॉन व्होल्ट इतका अल्प असेल, पण मोजता येईल. जानेवारी १९४२ मध्ये ही सूचना अमेरिकेतील एका शोधपत्रिकेत छापून आली. त्याच वर्षी जेम्स ॲलन यांनी अमेरिकेत तो प्रयोग केला आणि अपेक्षेच्या जवळपास जाणारा धक्का त्यांना आढळला. दहा वर्षांनी, १९५२ साली, रेमंड डेव्हिस आणि इतरांनी अधिक नेमक्या मापनांनी ही गोष्ट पक्की केली. अदृश्य पाहुण्याचे पाऊल उमटले होते. तो स्वतः अजून सापडायचा होता.

मधल्या काळात माइटनर यांच्यावर काय गुदरले ते आता सांगितले पाहिजे. १९३३ साली जर्मनीत हिटलरची सत्ता आली. वंशाने ज्यू म्हणून त्यांचा विद्यापीठात शिकविण्याचा अधिकार काढून घेण्यात आला. तरुणपणीच त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली होती, पण माणसाची किंमत जन्मावरून ठरविणाऱ्या कायद्याला त्याच्याशी कर्तव्य नव्हते. त्यांची संस्था पूर्णतः सरकारी नसल्यामुळे आणि त्या ऑस्ट्रियाच्या नागरिक असल्यामुळे आणखी पाच वर्षे त्या कशाबशा काम करू शकल्या. मार्च १९३८ मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळला आणि ते कवचही गेले. त्यांचे पारपत्र निरुपयोगी झाले. देश सोडण्याची परवानगी मिळेना. अखेर १३ जुलै १९३८ रोजी डर्क कोस्टर या डच शास्त्रज्ञाच्या सोबतीने, दोन लहान पेट्या आणि पाकिटात दहा मार्क एवढ्यानिशी, त्या आगगाडीने सीमा ओलांडून हॉलंडमध्ये गेल्या. अडीअडचणीला उपयोगी पडावी म्हणून हान यांनी आपल्या आईची हिऱ्याची अंगठी त्यांना दिली होती. वयाच्या साठाव्या वर्षी स्टॉकहोममध्ये त्यांना नव्याने बस्तान बसवावे लागले, तेही जेथे त्यांना ना उपकरणे मिळाली, ना साहाय्यक.

त्याच वर्षी डिसेंबरात बर्लिनहून हान यांचे पत्र आले. युरेनियमवर न्यूट्रॉन सोडल्यावर त्यांना आणि फ्रिट्झ श्ट्रासमान यांना बेरियम सापडत होते आणि त्याचा अर्थ लागत नव्हता. नाताळच्या सुट्टीत स्वीडनमधील कुंगेल्व्ह या गावी माइटनर यांचे भाचे ओटो फ्रिश त्यांना भेटण्यास आले होते. बर्फातून फिरता फिरता मावशी आणि भाचा यांनी त्या कोड्याचा उलगडा केला. युरेनियमचे केंद्रक दुभंगत होते. दुभंगताना सुमारे २० कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा मोकळी होत असली पाहिजे, हा हिशेबही त्यांनी तेथेच केला. फेब्रुवारी १९३९ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला आणि केंद्रकीय विखंडन ही संज्ञा जगाला मिळाली. १९४४ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक या शोधासाठी एकट्या हान यांना मिळाले. माइटनर यांचे नाव आयुष्यभरात चाळीसहून अधिक वेळा या पारितोषिकासाठी सुचविले गेले. ते त्यांना कधीही मिळाले नाही. अणुबाँबच्या निर्मितीत भाग घेण्यासाठी आलेले निमंत्रण त्यांनी ठामपणे नाकारले. युद्ध संपल्यावर नाझी राजवटीच्या सेवेत राहिलेल्या जर्मन शास्त्रज्ञांना त्यांनी जाब विचारला, आणि १९३३ सालीच आपण देश सोडला नाही हा आपलाही दोष होता, असे त्यांनी स्पष्टपणे मान्य केले.

न्यूट्रिनोचा अखेरचा पुरावा मिळण्याची वाट विखंडनानेच मोकळी केली. युरेनियमचे केंद्रक फुटून जे तुकडे होतात, त्यांत न्यूट्रॉनांचे प्रमाण वाजवीपेक्षा अधिक असते. ते समतोल साधण्यासाठी एकामागून एक बीटा ऱ्हास करीत जातात. एका विखंडनामागे सरासरी सहा प्रतिन्यूट्रिनो बाहेर पडतात. सुतारखोलीतल्या किरणोत्सर्गी द्रव्यांतून निघणारे कण मूठभर म्हणावेत, तर अणुभट्टीतून त्यांचा महापूर वाहतो. फ्रेडरिक राइन्स आणि क्लाइड कावन यांनी अमेरिकेतील साउथ कॅरोलायना राज्यात सव्हाना नदीकाठच्या अणुभट्टीशेजारी जमिनीखाली आपले उपकरण बसविले. कॅडमियमचे क्षार विरघळविलेल्या पाण्याच्या टाक्या, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंस कण आदळताच चमकणाऱ्या द्रवाच्या टाक्या, अशी त्याची रचना होती. लक्षावधी कोटी प्रतिन्यूट्रिनोंपैकी एखादा पाण्यातील प्रोटॉनवर आदळला, तर एक पॉझिट्रॉन आणि एक न्यूट्रॉन निर्माण होतो. पॉझिट्रॉन लगेच विलय पावतो आणि पहिली चमक होते. न्यूट्रॉन काही मायक्रोसेकंद भटकून कॅडमियममध्ये अडकतो आणि दुसरी चमक होते. अशी चमकांची जोडी दुसऱ्या कशाने सहसा होत नाही. अणुभट्टी चालू असताना तासाला सुमारे तीन जोड्या अधिक मिळत. ती बंद केली की त्या मिळत नसत. १४ जून १९५६ रोजी राइन्स आणि कावन यांनी पाउली यांना तार करून न्यूट्रिनो सापडल्याचे कळविले. पाउली यांच्या पत्राला तोवर साडेपंचवीस वर्षे झाली होती.

या दोन घटना आम्हांला शेजारी ठेवाव्याशा वाटतात. १९३० साली माइटनर यांच्या आकड्याने दाखविले की ऊर्जेच्या हिशेबात काहीतरी गहाळ आहे. १९५६ साली ते गहाळ झालेले सापडले, ते त्यांनीच उलगडून दाखविलेल्या विखंडनातून उसळणाऱ्या बीटा ऱ्हासांत. प्रश्न पक्का करणारा हात आणि उत्तराचे साधन समजावून देणारी बुद्धी एकाच व्यक्तीची होती. त्या वेळी माइटनर ७७ वर्षांच्या होत्या. न्यूट्रिनोच्या इतिहासात सर्वांना ठाऊक असतात ती पाउली, फर्मी, राइन्स ही नावे, आणि ती योग्यच आहेत. माइटनर यांचे नाव तेथे घ्यायचे ते त्यांनी कण कल्पिला म्हणून किंवा पकडला म्हणून नव्हे. कणाची गरज निर्विवाद व्हावी यासाठी कोणीतरी आपल्या लाडक्या मताविरुद्ध साक्ष देणे आवश्यक होते, आणि ती त्यांनी दिली म्हणून. एलिस यांनी एकट्यांनी सांगितले असते, तर प्रतिस्पर्ध्यांचा वाद अजून काही वर्षे लांबला असता. विरोधी पक्षानेच आकडा मान्य केल्यावर वादाला जागा राहिली नाही.

१९६० साली माइटनर नातेवाइकांजवळ राहण्यासाठी केंब्रिजला गेल्या. १९६६ साली अमेरिकेचा एनरिको फर्मी पुरस्कार हान, श्ट्रासमान आणि माइटनर या तिघांना विभागून देण्यात आला. तो मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. २७ ऑक्टोबर १९६८ रोजी, नव्वदावा वाढदिवस अवघ्या काही दिवसांवर असताना, त्यांचे निधन झाले. हॅम्पशायरमधील ब्रॅमली या खेड्यात, धाकट्या भावाच्या समाधीशेजारी त्यांना मूठमाती देण्यात आली. १९९७ साली १०९ व्या मूलद्रव्याला माइटनेरियम हे नाव अधिकृतपणे देण्यात आले.

आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी कितीतरी जण आज प्रयोगशाळांत, रुग्णालयांत, न्यायालयांत आणि शाळांत काम करीत आहेत. पालकांपैकी अनेकांची मुले घरातील पहिलीच पदवीधर आहेत. बंद दार उघडायला किती बळ लागते, हे या वाचकवर्गाला आम्ही सांगण्याची गरज नाही, आणि माइटनर यांच्या चरित्राचा तो भाग सर्वांना आपसूक उमगेल. आम्हांला लक्ष वेधायचे आहे ते दार उघडल्यानंतरच्या वागण्याकडे. इतक्या कष्टाने मिळविलेली जागा, इतक्या उशिरा मिळालेला मान, आणि त्यावर आपले मत चुकले असे सांगण्याची पाळी. आधीच जिच्या योग्यतेबद्दल लोक शंका घेत होते, तिला ही कबुली इतरांपेक्षा महाग पडू शकली असती. तरीही त्यांनी उष्णतामापी पुन्हा बांधला, अंशाचा सहस्रांश पुन्हा मोजला, आणि जो आकडा आला तो छापला : ३ लाख ३७ हजार.